मालदीवला जायचंय, पण पोटाचं काय?

प्रश्न

ताई, मी नेरुळला राहते, वय ३६, नोकरी वाशीला. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि मुलं असे सगळे मालदीवला निघालोय. लग्नाला दहा वर्षं होतील म्हणून नवऱ्याने हौसेने पाच रात्रींचं पॅकेज घेतलंय, जेवणखाण सगळं त्यातच. मला मात्र आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटतेय. दोन वर्षांपासून पोट फुगतं, गुडगुडतं. कधी सकाळी दोन-तीनदा पळावं लागतं, तर कधी दोन दिवस काहीच नाही. मागच्या वर्षी गोव्याला गेलो तेव्हा निम्मा वेळ हॉटेलच्या खोलीतच काढला. चार महिन्यांपूर्वी मैत्रिणीने सुचवली म्हणून 'फूड सेन्सिटिव्हिटी'ची महागडी रक्ततपासणी केली. रिपोर्टमध्ये गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, टोमॅटो, मूग, नारळ असे ४७ पदार्थ लाल रंगात आले. तेव्हापासून गहू आणि दूध पूर्ण बंद आहे, बाकीचंही जमेल तेवढं टाळते. थोडं बरं वाटतं, पण पूर्ण नाही. वजन पाच किलो उतरलंय. हिमोग्लोबिन ९.८ आहे, गोळ्या घेऊनही वर येत नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हती असली थेरं. नारळसुद्धा चालत नसेल तर मालदीवला जाऊन मी खाणार काय? बाकीच्यांना जाऊ द्यावं आणि मी घरी राहावं का?

एक वाचक, नेरुळ

उत्तर

घरी राहू नका. तिकीट काढलंय, नवऱ्याने हौसेने बेत ठरवलाय, तुमच्या हातात अजून दहा-अकरा आठवडे आहेत. एवढ्या वेळात तुमच्या पोटाबद्दल बरंच काही नक्की कळू शकतं, आणि ते शोधायची जागा तुमचं नेरुळचं स्वयंपाकघर आहे. तिथे रोजचं ताट ठरलेलं असतं, म्हणून एखादा पदार्थ बदलला तर परिणाम दिसतो. बेटावरच्या बफेत बसून शोध घेता येत नाही.

पण मालदीवच्या आधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल बोलू. हिमोग्लोबिन ९.८, आणि गोळ्या घेऊनही वर येत नाही. तुम्ही हे जाता जाता लिहिलंय. मला संपूर्ण पत्रात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं.

बायकांचं हिमोग्लोबिन कमी असण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पाळीत जाणारं रक्त. पाळी जास्त जात असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. लोहाची गोळी चहासोबत घेत असाल तर तेही आजच बदला. चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबूपाणी मदत करतं. पण पोटाची तक्रार, उतरणारं वजन आणि गोळ्यांना दाद न देणारं रक्त या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की सीलिॲक आजार आहे की नाही हे बघावंच लागतं. या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याच्या आतलं मखमली अस्तर झिजतं. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि हा आजार सगळ्यात आधी तोच भाग धरतो. म्हणून काही जणांच्या पोटाची फारशी तक्रार नसते, पण रक्त मात्र वर्षानुवर्षं कमी राहतं.

यासाठी टीटीजी-आयजीए नावाची साधी रक्ततपासणी असते. सोबत एकूण आयजीए, म्हणजे रक्तातल्या प्रतिद्रव्यांचा (अँटिबॉडींचा) एक प्रकार, बघतात, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवी ठरते. अडचण एवढीच आहे की तुम्ही चार महिने गहू खाल्लेला नाही. शरीरासमोर गहू आलाच नाही, तर त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात उतरत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो. दरवाजा उघडायच्या आधीच तुम्ही किल्ली फेकून दिलीत असं मात्र मुळीच नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे एचएलए डीक्यू २ आणि डीक्यू ८ ही जनुकांची तपासणी. तिला गहू खाल्ला न खाल्ला याने फरक पडत नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सीलिॲकचा विषय जवळजवळ मिटला. असतील तर आजार आहेच असं मात्र नाही, कारण ही जनुकं असलेली खूप माणसं ठणठणीत असतात. दुसरी वाट म्हणजे गहू पुन्हा सुरू करून, रोज एकाहून जास्त जेवणांत, निदान सहा आठवडे खाऊन मग रक्त देणं. म्हणजे सकाळच्या डब्यात पोळी आणि रात्रीही पोळी. तुमच्या तारखा बघता हे जमण्यासारखं आहे, पण आत्ता लगेच सुरू केलं तरच. कुठली वाट घ्यायची हे पोटविकारतज्ज्ञांना विचारा, आणि येत्या आठवड्यातच विचारा. शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, ताप येत असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा सीलिॲक असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

आता ती ४७ पदार्थांची लाल यादी. तशा रिपोर्टचे कागद घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बायका वाढत चालल्या आहेत आणि मला त्याची खरंच चीड येते. या तपासण्या बहुधा आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. आयजीजी म्हणजे तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन भरतो ती वही. रोज येणाऱ्या दूधवाल्याचं, कामवाल्या मावशींचं, कुरिअरवाल्याचं नाव तिच्यात सगळ्यात जास्त वेळा असतं. ती वही म्हणजे चोरांची यादी नव्हे. तुमच्या घरात काय शिजतं? गहू, दूध, मूग, टोमॅटो, शेंगदाणा, नारळ. यादीत काय आलं? तेच. तुम्ही काय खाता हे तुम्हालाच परत सांगायचे त्यांनी पैसे घेतले. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ मध्ये लेखी भूमिका घेतली आहे की अन्न सोसत नाही हे ठरवायला आयजीजीची तपासणी वापरू नये.

तेव्हा मूग, टोमॅटो, शेंगदाणा, अंडं, नारळ हे आजपासून हळूहळू ताटात परत आणा. उरलेल्या लाल नावांचंही तसंच करा. तुमचं पाच किलो वजन का उतरलं याचा डॉक्टर शोध घेतीलच, पण त्यातला काही वाटा या यादीने केलेल्या उपासमारीचा असणार. अपवाद एकच. यातल्या एखाद्या पदार्थाने खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ-डोळे सुजले असतील, घसा आवळला असेल किंवा श्वास लागला असेल, तर ती ॲलर्जी आहे, आणि तो पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चाखूनही बघायचा नाही. पत्रात असं काही नाही म्हणून मी निर्धास्तपणे परत आणा म्हणते.

राहिलं दूध आणि गहू. या दोघांचा निकाल घरी लावता येतो, फक्त दोन्ही एकदम करू नका. आधी दूध.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि मोठेपणी ते कमी होणं ही आपल्याकडे अगदी सर्रास दिसणारी गोष्ट आहे. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, पाणी ओढून घेतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. तुमची गुडगुड ती हीच असू शकते. येत्या शनिवारी, कुठे जायचं नसताना, सकाळी उपाशीपोटी एक कप साधं दूध घ्या. चहा नको, साखर नको, बिस्किट नको. दुपारपर्यंत काय होतं ते लिहून ठेवा. काहीच झालं नाही तर दूध निर्दोष आहे. त्रास झाला तर दोन-तीन दिवस थांबा आणि मग अर्धा कप जेवणासोबत घेऊन बघा. दूध न पचणाऱ्यांतल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक कप दुधातलं लॅक्टोज फारशा तक्रारीविना चालतं, विशेषतः पोटात दुसरं अन्न असेल तर. म्हणजे चहातलं दूध बहुधा चालेल. तुपात लॅक्टोज नावालाच असतं. दह्यातले जिवाणू स्वतःच ते पचवायला मदत करतात. त्रास देते ती आटवलेल्या दुधाची बासुंदी आणि आइस्क्रीम. ज्यांना खात्रीशीर उत्तर हवं त्यांच्यासाठी मोठ्या हॉस्पिटलांत श्वासातला हायड्रोजन मोजायची तपासणी असते. एक लक्षात ठेवा, सीलिॲक निघालाच तर झिजलेल्या अस्तरासोबत लॅक्टेजही गेलेलं असतं, आणि अस्तर भरून आलं की दूध बरेचदा पुन्हा सोसू लागतं. तेव्हा आजच्या परीक्षेचा निकाल जन्मभराचा समजू नका.

दुधाचं उत्तर मिळालं की गव्हाकडे वळा. गहू सोडल्यावर तुम्हाला थोडं बरं वाटलं हे मी खरं मानते. पण गव्हात फक्त ग्लुटेन नसतं, फ्रुक्टॅन नावाची एक साखळीदार साखरही असते. माणसाच्या आतड्यात ती फोडणारं एन्झाइमच नाही. २०१८ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी, सीलिॲक नसलेल्या पण 'गहू सोसत नाही' म्हणून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना न सांगता आळीपाळीने ग्लुटेनची, फ्रुक्टॅनची आणि दोन्ही नसलेली वडी खायला दिली. जास्त त्रास झाला तो फ्रुक्टॅनच्या वडीने. आणि फ्रुक्टॅन आपल्या घरात पोळीपेक्षाही ठासून कुठे भरलेलं असतं? कांद्यात आणि लसणात. तुम्ही पोळी सोडलीत, पण रोजच्या वाटणातला कांदा, चटणीतला लसूण, रविवारच्या मिसळीवरचा बारीक चिरलेला कच्चा कांदा, हे सगळं चालूच राहिलं असणार. थोडं बरं वाटतं पण पूर्ण नाही, याचं हे मला सगळ्यात सरळ दिसणारं कारण आहे.

म्हणून डॉक्टरांनी गहू सुरू करायला सांगितला की त्याच वेळी तीन आठवडे कांदा-लसूण बाजूला ठेवा. चवळी, राजमा, छोले यांची वाटीभर उसळ नको, मुगाचं वरण चालेल. फोडणीत लसूण हवाच असेल तर पाकळ्या तेलात तळून स्वाद उतरवा आणि मग काढून टाका. फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणूनच आमटीत शिजलेला लसूण नंतर वेचून काढून उपयोग नसतो, पण तेल चालतं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग बिनधास्त वापरा. पोळी खाऊनही पोट शांत राहिलं, तर दोषी कोण हे तुम्हाला कळलं. मग कांदा थोडा परत आणा. पहिल्या दिवशी चमचाभर शिजलेला, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या दिवशी आणखी थोडा, मग दोन-तीन दिवस विश्रांती. नंतर तसाच लसूण, तशाच उसळी. एका वेळी एकच. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने या प्रकारच्या साखरांवर जी आहारपद्धत उभी केली, तिचा गाभा हाच आहे की काही आठवडे टाळायचं आणि मग एकेक करून परत आणायचं. लोक पहिला भाग करतात आणि दुसरा विसरतात, आणि मग वर्षभर भात-दह्यावर राहतात.

गव्हाच्या रक्ततपासणीत आजार निघाला, तर मात्र नियम वेगळे. तिथे 'थोडंसं चालतं' नाही. तेव्हा तुम्हाला एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायला सांगतील, त्यानंतर गहू जन्मभर बंद, आणि तो कुठेकुठे लपलेला असतो हेही शिकावं लागेल. तुमच्या मिसळणाच्या डब्याशेजारची हिंगाची डबी उचला आणि मागचे बारीक अक्षरातले घटक वाचा. आपण वापरतो तो बांधानी हिंग, आणि त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं. तांदळाच्या पिठातलाही मिळतो, तो मागून घ्यावा लागतो. मेतकुटातही अनेक घरी मूठभर गहू भाजून घालतात. सोया सॉसमध्ये गहू असतो. पोळीच्याच तव्यावर आणि पोलपाटावर केलेली भाकरीही मग चालत नाही. हे सगळं वाचून घाबरू नका, निदान झालं तरच याची गरज आहे. पण ते सहलीच्या आधी झालेलं बरं, कारण रिसॉर्टच्या शेफला 'मला सीलिॲक आहे' आणि 'मला गहू जरा जड जातो' या दोन गोष्टी सांगितल्या तर स्वयंपाकघरात घडणाऱ्या गोष्टी अगदी वेगळ्या असतात.

आता मालदीव. हिंदी महासागरातली सुमारे १२०० बेटं, त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर लोकवस्ती, आणि रिसॉर्ट म्हटलं की सहसा एक बेट एक रिसॉर्ट. म्हणजे गोव्यासारखं 'हे नको तर समोरच्या हॉटेलात जाऊ' नाही. कोपऱ्यावर मेडिकल नाही, किराणा नाही. मासे आणि नारळ सोडले तर बहुतेक सगळं बोटीने बाहेरून येतं. म्हणून जे सांगायचं ते निघण्याआधी दोन आठवडे मेलने सांगा. पॅकेजवाल्यामार्फत नको, स्वतः रिसॉर्टला लिहा. '४७ पदार्थ चालत नाहीत' असं लिहिलं तर कुठलाही शेफ हात टेकेल. 'कांदा आणि लसूण नको, दूध-क्रीम थोडं चालेल, भात, अंडी, मासे, बटाटा, गाजर, काकडी सगळं चालतं' असं दोन ओळींत लिहिलं तर तो आनंदाने करून देतो. काय चालतं हे सांगणं जास्त उपयोगाचं असतं.

तिथलं स्वतःचं जेवण तुम्हाला आवडेल. सकाळी मस हुनी मिळते. धुरी दिलेल्या ट्यूनाचा चुरा, ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, म्हणजे गव्हाची पातळ पोळीच. बघा, या एका बशीत तुम्ही ज्याला घाबरताय ते खोबरं बिचारं मुकाट बसलंय. तुमच्या बाबतीत संशय घ्यायचा असेल तर कच्च्या कांद्याचा घ्या. कांद्याशिवाय मागा, रोशीऐवजी भातासोबत खा. गरुधिया म्हणजे ट्यूनाचं साधं, पातळ, पारदर्शक सार. भात, लिंबू, मिरचीसोबत घेतात. पोट बिघडलेल्या माणसालाही मानवेल असं ते जेवण आहे, कांदा वरून घालतात तो बाजूला ठेवायला सांगा. नारळाच्या दाट दुधातली करी एका वेळी वाटीभर पुरे, कारण एकदम जास्त चरबी गेली की नाजूक आतडं खळबळतं. शहाळ्याचं पाणी अर्धा पेला ठीक, दोन-तीन शहाळी लागोपाठ नकोत, त्यात सॉर्बिटॉल नावाची नीट न शोषली जाणारी साखर असते. फळांत पपई, संत्रं आणि जरा कडक केळं चांगलं. आंबा आणि कलिंगड बेताने. पोहून आल्यावर हातात येणारी मॉकटेल्स मुख्यतः फळांचा रस आणि सिरप असतात, त्यापेक्षा साधं लिंबूपाणी मागा, लिंबूसोडा नको. सोडा फुगवतो.

तुम्ही मासे खाता की नाही हे लिहिलं नाहीत. खात असाल तर दोन गोष्टी सांगते, कारण त्यांचा संबंध तुमच्या पोटाच्या नाजूकपणाशी नाही आणि लोक मात्र तसाच लावतात. ट्यूना, बांगडा, माही-माही असे मासे पकडल्यावर नीट बर्फात ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. शिजवून ते जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज येते, जुलाब होतात. दिसायला हुबेहूब ॲलर्जी, पण दोष त्या दिवशीच्या माशाचा. डॉक्टर ॲलर्जीवरचंच औषध देतात, त्याने बहुधा उतरतं. श्वास लागला तर मात्र थांबायचं नाही, लगेच मदत मागायची. दुसरं, प्रवाळाजवळ राहणारे मोठे शिकारी मासे. बॅराकुडा, मोठा ग्रुपर, मोठा स्नॅपर यांच्या अंगात सूक्ष्म शैवालापासून आलेलं सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं. तेही शिजवून जात नाही, चवीला कळत नाही. उलट्या-जुलाबांनंतर ओठांना मुंग्या येतात आणि गार वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागते. म्हणून मासेमारीच्या सहलीत दिरांनी स्वतः पकडलेला भलामोठा मासा भाजून खायचा बेत असेल तर नाही म्हणा. ट्यूना भर समुद्रातला मासा आहे, त्याला हा धोका नसतो. ताजा असला की झालं.

विमानात पोट फुगतं, त्याला तुमचं खाणं जबाबदार नसतं. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढाच ठेवलेला असतो, त्यामुळे आतड्यातला वायू पाव ते तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. निघायच्या आदल्या दिवशी उसळ, कोबी, राजमा नको, सैल कपडे घाला, आणि कानाला दडे बसतात म्हणून बिनसाखरेचं च्युइंग गम चघळत बसू नका. त्यातही सॉर्बिटॉलच असतं.

सोबत काय न्यायचं? दोन-तीन मुठी साळीच्या लाह्या किंवा भाजके पोहे, राजगिऱ्याचे लाडू, तुमचं नेहमीचं लोह, डॉक्टरांनी दिलेली औषधं त्यांच्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट, दूध सोसत नाही असं ठरलं असेल तर लॅक्टेजच्या गोळ्या, आणि ओआरएसची पाकिटं. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचून घ्या. त्याच्यासारखी दिसणारी गोड पेयं जुलाब वाढवतात. पाकीट संपलं तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एखाद्या दिवशी पोट बिघडलंच तर हे घोटघोट पीत राहा, गरुधिया-भात खा आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरा. ताप आला, रक्त पडलं किंवा पाणीही टिकेना झालं, तर रिसॉर्टच्या डॉक्टरांना बोलवा. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही.

सासूबाईंबद्दल. त्यांना रिपोर्ट दाखवून पटणार नाही, आणि त्या ४७ पदार्थांच्या कागदाबद्दल त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. पण त्यांना शनिवारच्या दुधाच्या परीक्षेत सामील करून घ्या. कांदा-लसणाविना तीन आठवडे स्वयंपाक हा तर त्यांच्या हातचा खेळ असेल. चातुर्मासात कांदा-लसूण बंद ठेवणाऱ्या घरांत ही चव पिढ्यान्‌पिढ्या रांधली गेली आहे. 'आई, तुमच्या पद्धतीची बिनकांद्याची आमटी शिकवा' असं म्हणून बघा. आणि नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या. त्यांनी पॅकेज निवडलंय, रिसॉर्टला मेल त्यांनाच लिहू दे.

परत आल्यावरची एक गोष्ट. तिथे जुलाब झाले असतील तर पुढचे दोन-तीन आठवडे दूध एरवीपेक्षा जास्त जड जाऊ शकतं. आतड्याच्या अस्तराला मार बसला की लॅक्टेज तात्पुरतं कमी होतं. तेवढे दिवस दही-ताकावर राहा आणि मग दूध पुन्हा सुरू करा. त्या काळात कुठलीही नवी यादी करायला घेऊ नका. टीटीजीचा रिपोर्ट आला की मला लगेच कळवा, त्यात काहीही निघालं तरी. लोहाचं पुढे काय करायचं ते त्यावरच ठरेल.